पुस्तकात नसलेली वाक्यं

“एका माणसाने तळ्यातले बोल्टी मासे काढले, टोपलीत भरले आणि बाजारात नेले. तीन दिवस बसला, पण गिऱ्हाईक काही मिळालं नाही. मासे घेऊन तो घरी परत आला. आता त्याने काय करावं?”

परीक्षा समितीचे प्रमुख डॉ. शौकत यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा खोलीत बसलेल्या कोणालाच त्यात अवघड काही वाटलं नाही. पण प्रश्न माणसांना नव्हताच. तो होता उस्तादला. उस्ताद म्हणजे कैरोच्या दोक्की भागातल्या एका सरकारी संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर अकरा वर्षं शेतीचे ग्रंथ वाचत बसलेला संगणक. नाव रगदाने ठेवलेलं. रगदा तिथली प्रोग्रामर, जिभेला हाड नसलेली पोरगी. तिने प्रश्न टाईप केला आणि सगळे पडद्याकडे बघत बसले.

उत्तर आलं. “मासे एकदम तळ्यात सोडू नयेत. टोपली अर्धा तास काठाशी पाण्यात धरावी, म्हणजे माशांना पाण्याची सवय होईल. पहिल्या दिवशी खाद्य निम्मंच द्यावं. पाहा, पान एकशे बारा.”

समितीतल्या एकाने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्याच्या हातातला चहाचा पेला हिंदकळला, आणि मग काय, सगळी खोलीच हसायला लागली. कैरोच्या जूनमध्ये तीन दिवस टोपलीत ठेवलेल्या माशांना हा शहाणा पोहायला सोडत होता! खाद्यही देत होता वर!

डॉ. शौकत तेवढे हसले नाहीत. ते इंतिसारकडे बघत होते. ती उभी होती, हात पाठीमागे बांधून, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“डॉक्टोरा,” ते म्हणाले, “मागच्या वर्षी पिकांच्या ग्रंथावर याने शंभरात त्र्याऐंशी मिळवले. मी स्वतः सही केली होती. आज मत्स्यपालनाच्या पुस्तकावर चौदा. एवढा हुशार विद्यार्थी एका वर्षात एवढा ढ कसा होतो, सांगा बघू?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“मग शोधा. पुढच्या रविवारी सांगा. उस्तादला वाचता येत असेल तर तो शेतकऱ्यांना सल्ला द्यायला दोनशे गावांत जाईल. येत नसेल तर ही खोली बंद. मला माझ्या बायकोला घरी खोटं सांगता येत नाही, मंत्र्यांना कसं सांगू?”

आता ही इंतिसार कोण, ते सांगायला हवं. वय त्रेचाळीस, हेलिओपोलिसच्या शिकल्या-सवरल्या घरातली, गणितात सुवर्णपदक मिळवलेली आणि एका हट्टापायी आयुष्य पणाला लावलेली बाई. जगभरातले लोक तेव्हा संगणकाला ज्ञान द्यायचं म्हणजे खोल्याच्या खोल्या भरून माणसं बसवत, आणि ती माणसं एकेक गोष्ट हाताने आत घालत बसत. इंतिसार म्हणे, हे कसलं शिकणं? हे तर तोंडात घास भरवणं झालं. पुस्तकं कशाला आहेत? माणसाने हजार वर्षं जे जाणलं ते लिहून ठेवलंय. यंत्राला वाचायला शिकवा, बाकी ते आपलं आपण शिकेल. खोलीच्या भिंतीवर तिने पाटीच लावली होती: ‘हाताने एकही वाक्य नाही.’ उस्तादला जे जे माहीत असेल त्याच्यापुढे ग्रंथाचा खंड आणि पान लिहिलेलं हवं. नसेल तर ते ज्ञान बाद.

यासाठी तिने परदेशातली नोकरी सोडली. साखरपुडा झालेला माणूस दोन वर्षं थांबला आणि निघून गेला. आईने तर बोलणंच टाकलं होतं, बोललीच तर एवढंच म्हणे, “तुझा नवरा विजेवर चालतो, लोडशेडिंग झालं की विधवा.” इंतिसार हसून सोडून द्यायची, कारण आकडे वर चढत होते. पहिल्या वर्षी नऊ, मग बावीस, मग एक्कावन्न, मग त्र्याऐंशी. उस्ताद शिकत होता. एवढी एकच गोष्ट खरी असली तर बाकीचं गेलं ते गेलं, असं तिचं गणित होतं.

समिती जिना उतरून गेल्यावर (लिफ्ट बंदच असायची) रगदाने दार लावलं.

“पुस्तकातच घाण असेल,” ती म्हणाली. “स्कॅन बिघडलं असेल.”

त्यांनी तपासलं. स्कॅन आरशासारखं स्वच्छ होतं. नवं यंत्र आलं होतं, अक्षर न अक्षर बरोबर. रगदानेच तर वसंतात फुशारकी मारली होती, की आता मुद्रितशोधकाची गरजच उरली नाही.

मुद्रितशोधक म्हणजे वस्फी जिर्जिस. सगळे त्यांना अम्म वस्फी म्हणत, म्हणजे वस्फीकाका. मिन्याकडच्या एका खेड्यात तीस वर्षं शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीविषय शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पिकांचा सात खंडांचा ग्रंथ जुना, सरकारी छापखान्याचा, तपकिरी पडलेला. स्कॅन केला की ओळीच्या ओळी गायब व्हायच्या, त्या पुन्हा भराव्या लागायच्या. छापील पान डावीकडे, पडदा उजवीकडे, आणि मध्ये जाड भिंगाचा चष्मा लावून अम्म वस्फी, अशी अकरा वर्षं गेली. रविवारी चर्चमधून दहाला यायचे, इतर दिवशी आठाच्या ठोक्याला. डब्यात फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ, आणि लोणच्याचं सलगम. या वसंतात काचबिंदूने त्यांचे डोळे गेले आणि ते शुब्राला मुलाच्या घरी बसले. निरोपाला सगळ्यांनी बसबूसाची रव्याची मिठाई खाल्ली, रगदा रडली सुद्धा.

“बरं, उलटं करू,” इंतिसार म्हणाली. “माशांचं का येत नाही ते सोड. पिकांचं का येत होतं ते बघू.”

तिने उस्तादला विचारलं, वाळून मेलेल्या खजुराला खत घालावं का? उत्तर आलं, घालू नये. मेलेलं झाड पुन्हा जगत नाही. पाहा, खंड तीन, पान दोनशे चौदा.

कपाट उघडायला किल्ली सापडेना. शेवटी रगदाने पेचकसाने कुलूप काढलं. अकरा वर्षांत इंतिसारने ते छापील खंड कधी उघडलेच नव्हते. कशाला उघडेल? तिला शेतातलं गव्हाचं आणि जवाचं कणीस वेगळं ओळखता येत नव्हतं. तिचं सगळं पडद्यावर होतं. तिने खंड तीन काढला, धूळ झटकली, पान दोनशे चौदा उघडलं.

खजुराच्या मुळाच्या रोगावर पूर्ण पान होतं. औषधाचं प्रमाण होतं, फवारणीचे महिने होते. मेलेलं झाड पुन्हा जगत नाही, हे वाक्य मात्र कुठेच नव्हतं.

“चुकीचं पान असेल,” रगदा म्हणाली.

“दुसरं बघ.”

पाणी उताराकडे वाहतं. खंड एक, पान सदतीस. नव्हतं. गाढवाने खाल्लेलं पीक कापणीला उरत नाही. खंड दोन, पान नव्वद. नव्हतं. एक माणूस एका वेळी एकाच शेतात असू शकतो. पाऊस वरून पडतो. उपाशी बैल नांगर ओढत नाही. पेरलेलं बी पुन्हा विकता येत नाही. नव्हतं, नव्हतं, नव्हतं! इंतिसार पानामागून पान उलटत होती.

“अल्ला रे,” रगदा खुर्चीत बसली. “म्हाताऱ्याने घातलीयत. स्कॅनच्या मजकुरात. प्रत्येक पानावर.”

त्यांनी सातही खंड नव्या यंत्रावर पुन्हा स्कॅन केले आणि जुना मजकूर नव्याशी ताडून पाहिला. त्यात तीन दिवस गेले. जास्तीची वाक्यं निघाली एकोणसत्तर हजार. सगळी ग्रंथाच्याच भाषेत, ग्रंथाच्याच थाटात, अशी बेमालूम बसवलेली की कोणाला शंका येऊ नये. गुरुवारी सकाळी त्यांनी ती वाक्यं काढून टाकली आणि उस्तादला तोच ग्रंथ पहिल्यापासून वाचायला लावला. मग मागच्या वर्षीचीच परीक्षा घेतली.

सतरा.

रगदाने पडद्यावर थाप मारली. “सतरा! काय वाचलं याने अकरा वर्षं? म्हाताऱ्याला वाचलं, दुसरं काय! आणि आम्ही नाकाने कांदे सोलतोय, हाताने एकही वाक्य नाही म्हणून! फसवलं हो त्याने तुम्हाला. गोड बोलून फसवलं.”

इंतिसारने एक कागद घेतला, डॉ. शौकतना चार ओळी लिहिल्या: ‘उस्तादला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. त्र्याऐंशी गुण खोटे होते, चूक माझी आहे. खोली बंद करावी.’ सही केली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग मत्स्यपालनाचं पुस्तक उचललं.

“ते कशाला?” रगदाने विचारलं.

तिलाही ठाऊक नव्हतं. अम्म वस्फींकडे रिकाम्या हाताने जाववेना, एवढंच.

शुब्रातल्या त्या गल्लीत दुपारी चारला वाळत घातलेल्या कपड्यांची सावली पडली होती. दार सुनेने, इरीनीने उघडलं. हाताला कांद्याचा वास, कडेवर मूल. “या या डॉक्टोरा, किती दिवसांनी! बाबा रोज तुमचंच नाव घेतात. उस्ताद असं, उस्ताद तसं. आमचं पोर पहिला शब्द बोललं तेव्हा एवढं कौतुक नाही केलं.”

अम्म वस्फी सज्जात बसले होते. चष्मा नव्हता, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा कोणा भलत्याचाच वाटत होता. पावलांच्या आवाजावरूनच ओळखून ते उठायला लागले.

“बसा, बसा, अम्म वस्फी.”

“डॉक्टोरा! परीक्षा झाली ना रविवारी? थांबा, मी सांगतो. नव्वद! नव्वदच्या खाली असणार नाही. इरीनी, चहा टाक, साखर जास्त. अहो बोला ना, किती?”

इंतिसार रस्ताभर वाक्यं जुळवत आली होती. पहिलं वाक्य होतं, ‘तुम्ही माझ्याशी असं का केलंत?’ ते बाजूलाच राहिलं. ती म्हणाली, “अम्म वस्फी, खंड तीन, पान दोनशे चौदा. मेलेलं झाड पुन्हा जगत नाही. हे छापील पुस्तकात नाहीये.”

“नाहीच,” म्हातारा म्हणाला. “मीच भरलं ते.”

एवढं सरळ!

“अहो, तुम्हीच नाही का पहिल्या दिवशी सांगितलंत? मला अजून आठवतंय, तुम्ही निळा कोट घातला होता. म्हणालात, अम्म वस्फी, जिथे सुटलंय तिथे भरा. मी म्हटलं, किती सुटलंय तेवढं सगळं? तुम्ही म्हणालात, सगळं. मग मी बघायला लागलो, आणि डॉक्टोरा, काय सांगू, त्या पुस्तकात सगळंच सुटलं होतं!”

“मी स्कॅनमध्ये सुटलेल्या ओळींबद्दल बोलत होते.”

“त्या तर भरल्याच. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी जे सोडलं त्याचं काय? मी तीस वर्षं फल्लाहांची पोरं शिकवली. त्यांना पुस्तक पुरायचं, कारण पोर शाळेत यायच्या आधी दहा वेळा कालव्यात पडून आलेलं असायचं. पाणी कुठे वाहतं ते त्याला मी कशाला सांगू? पण तुमचं हे लेकरू कुठल्याच गावचं नाही. ना कधी पडलं, ना भुकेजलं, ना गाढवाची लाथ खाल्ली. मग त्याला कोण सांगणार? मी आपलं मनात धरायचो की पहिल्या बाकावर एक पोर बसलंय, त्याला काही म्हणजे काही माहीत नाही. आणि लिहायचो.”

“भिंतीवर पाटी होती, अम्म वस्फी.”

“हाताने एकही वाक्य नाही. होती ना. म्हणून तर मी यंत्राला कधी बोट लावलं नाही. मी फक्त पुस्तकात भरलं. वाचलं त्याचं त्यानेच.” सज्जाच्या कठड्यावर त्यांची बोटं उगाच चाचपडत राहिली. “एकदा वाटलं होतं, तुम्हाला विचारून घ्यावं. हे चालतं का, म्हणून. गुरुवार होता. तुम्ही धावत आलात, हातात बसबूसाचा पुडा. एक्कावन्न, एक्कावन्न, अम्म वस्फी, म्हणत होतात आणि हसत होतात. तोवर तुम्हाला मी तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं आज नको, रविवारी विचारू.”

“मग?”

“मग रविवारी तुम्ही म्हणालात, बघा, सोडून दिलं की शिकतो तो आपला आपण.”

इरीनीने चहा आणून ठेवला आणि गेली. इंतिसारने पेला हातात घेतला. तिला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, आणि तो येईना, हीच मोठी पंचाईत होती. राग आला असता तर त्यात निदान दिवस तरी निघाले असते. तिची अकरा वर्षं कोणी चोरली नव्हती. तिनेच एका भल्या माणसाच्या हातात दिली होती, सगळं भरा म्हणून.

“पण किती मिळाले ते सांगितलंच नाहीत,” म्हातारा म्हणाला. “कमी पडले काय? हां, मासे! या वेळी माशांचं पुस्तक होतं ना? आणि मी नव्हतो. अरेरे. मी नव्हतो ना त्या पुस्तकाला.” ते एकदम सावरून बसले. “आणलंय का तुम्ही? आणलंय? मग काळजी कसली! डोळे गेले, तोंड आहे ना. तुम्ही वाचा, मी सांगतो काय सुटलंय, तुम्ही लिहून घ्या. वाचा, वाचा.”

तिने पुस्तक उघडलं. दुसरं काय करणार होती? पान एक. “बोल्टी माशासाठी तळ्याची खोली दीड मीटर असावी.”

“थांबा,” अम्म वस्फी म्हणाले. “काय सुटलं?”

“काय?”

“तुम्ही सांगा ना. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलात. दीड मीटर खोल. काय सुटलं?”

इंतिसारने वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. शब्द सगळे होते, आकडा होता, पूर्णविराम होता. तिला वाक्य पूर्ण दिसत होतं. गणितात सुवर्णपदक मिळवलेली ती बाई त्या सात शब्दांकडे बघत राहिली आणि तिला त्यात एकही भोक दिसेना.

“काहीच नाही सुटलं,” ती म्हणाली.

म्हातारा हसला, वर्गातल्या मठ्ठ पण लाडक्या पोराला हसावं तसा. “अहो, तळ्यात पाणी भरायला हवं, हे कुठे लिहिलंय? दीड मीटर खड्डा खणून मोकळे व्हाल तुम्ही! लिहा. तळ्यात पाणी असतं. मासा पाण्यात राहतो. बाहेर काढला तर थोड्या वेळात मरतो. मेलेला मासा पोहत नाही.”

“आणि उन्हात संध्याकाळपर्यंत नासतो!” स्वयंपाकघरातून इरीनी ओरडली. “ते पण घाला, बाबा. आणि मांजर पळवते!”

“शाबास! डॉक्टोरा, हिलासुद्धा येतं बघा. मांजराचंही लिहा. पाळलेलं असलं तरी पळवतं.”

कांदा चिरता चिरता, मूल कडेवर घेऊन, ती बाई दाराआडून सांगत होती. आणि चारशे बारा पानांचं पुस्तक मांडीवर घेऊन इंतिसार बसली होती. पर्स पायाशी होती, तिच्यात ते चार ओळींचं पत्र. प्रत्येक पुस्तकाला एक अम्म वस्फी लागणार, जगात पुस्तकं किती, हा हिशोब तिने करायला घेतला आणि सोडून दिला. तिला आतून इतकं रितं वाटत होतं की रडूही फुटेना.

“पुढे वाचा,” म्हातारा म्हणाला. “रोज चार पानं केली तरी नाताळच्या आधी संपतं. मग बघू त्या शौकतसाहेबांना. नव्वद नाही पडले तर मिशा काढीन.”

तिने पुढचं वाक्य वाचलं. त्याने सांगितलं. तिने आणखी एक वाचलं. गल्लीत कोणीतरी गॅसच्या टाक्या वाजवत गेला. म्हाताऱ्याचा चेहरा फुलून आला होता, बोटं हवेत टाईप करत होती. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. खोली बंद होतेय. लेकरू शिकलंच नव्हतं, तुम्हीच त्याच्या तोंडून बोलत होतात. तिने तोंड उघडलंही.

“डॉक्टोरा, लिहिताय ना?” त्याने विचारलं.

तिच्या हातात पेन नव्हतं, मांडीवर कागदही नव्हता.

“लिहितेय, अम्म वस्फी,” ती म्हणाली. आज नको, तिने मनाशी म्हटलं, रविवारी सांगू.